गाडीच्या काचेवर आतून बसलेला सिगारेटचा थर

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा लाइट डोळ्यात घुसतो आणि दोन सेकंद काहीच दिसत नाही, ही तक्रार आजकाल नागपुरात जो तो करून राहिला आहे. तुमच्या पेपरात पण त्यावर पत्रं येतात, सगळा राग त्या पांढऱ्या एलईडी लाइटवर आणि अप्पर लावून फिरणाऱ्यांवर निघतो, आणि तो राग खोटा नाही, असे लोक वर्धा रोडला रोज दिसतात. पण एक गोष्ट या सगळ्या पत्रांमधून सुटून राहिली आहे म्हणून लिहायला बसलो. माझं मनीष नगरच्या बाजूला गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर आहे, आतली सफाई पण आम्ही करतो, आणि ज्या गाडीत सिगारेट ओढली जाते त्या गाडीच्या काचेवर आतून जो थर बसलेला असतो तो पाहिला की वाटते, या माणसाला रात्री रस्ता दिसतो तरी कसा.

बाहेरून काच चकाचक असते, रोज सकाळी वॉचमन फडकं मारून जातो, वायपर नवे असतात, आतून मात्र वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो. दिवसा तो थर दिसत पण नाही हीच खरी अडचण आहे. ऊन बाजूने किंवा मागून असलं तर काच साफच वाटते. पण सूर्य समोर आला, म्हणजे संध्याकाळी अमरावती रोडने वाडीकडे निघाले किंवा सकाळी पारडीकडून भंडारा रोडला लागले, की तीच काच दुधासारखी पांढरी होते. रात्री समोरून लाइट पडला की तो लाइट त्या थरात फुटून सगळ्या काचेवर पसरतो, आणि मग रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, बिना लाइटची सायकल, डिव्हायडर तोडून आलेली गाय, काही म्हणजे काही दिसत नाही. समृद्धी महामार्गावर रात्री जाणाऱ्यांनी तर याचा विचार करावाच, तिथे १२० च्या स्पीडने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते.

आता हा थर येतो कुठून ते सांगतो, कारण बहुतेक लोकांना वाटते की धूर होता तो खिडकीतून निघून गेला, विषय संपला. धूर जात नाही. सिगारेटच्या धुरात बारीक बारीक चिकट कण असतात, त्यात डांबरासारखा टार असतो आणि निकोटिन असते, आणि हे सगळं गाडीच्या छोट्या डब्यात जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसते, काचेवर पण. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर फोडणीचा चिकट मेणचट थर जसा चढतो ना, तसाच हा चढतो, फक्त इतका पातळ की डोळ्याला कळत नाही. निकोटिनला सुरुवातीला रंग नसतो, हवेत राहून राहून ते पिवळं-तपकिरी होते, म्हणून जुन्या थराचा रंग चहासारखा निघतो. त्यावर मग आपली नागपूरची धूळ बसते, सिमेंट रोडची कामं चालू आहेत तिथली तर विचारूच नका, आणि ती धूळ त्या चिकटात अडकून पक्की होते.

"मी काच थोडी खाली करूनच ओढतो" हे मला प्रत्येक जण सांगतो. भाऊ, तुमच्या ड्रायव्हर साइडच्या काचेची वरची कड एकदा पूर्ण खाली-वर करून पाहा. जिथून धूर बाहेर ओढला जातो तिथेच सगळ्यात जास्त पिवळी पट्टी असते. आणि सगळा धूर तिथून जात नाहीच, अर्धा फिरून मागच्या सीटवर येतो, जिथे पोरं बसलेली असतात. एसी आतली हवाच फिरवायला ठेवला असेल तर तो धूर एसीच्या कॉइलवरून पण जातो आणि तिथे जाऊन चिकटतो. म्हणून परफ्यूमची बाटली लावूनही एसी सुरू केला की पहिल्या मिनिटाला तो शिळा वास येतोच.

आपल्याकडे उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही. बाहेर ४५ असते तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत आरामात ६० च्या वर जाते. एवढ्या गर्मीत सीटमधून, छताच्या कापडातून, डॅशबोर्डमधून जुना बसलेला धूर परत हवेत निघतो आणि परत काचेवर बसतो. म्हणजे सिगारेट सोडून सहा महिने झालेल्या माणसाची गाडी मे महिन्यात परत पिवळी काच दाखवू शकते. त्यात डॅशबोर्डचं प्लास्टिक स्वतःच गर्मीत वाफ सोडते, तिचा पण थर काचेवर चढतो, नवीन गाडीतसुद्धा, जिथे कोणी कधी बिडी पेटवली नाही. दोन्हीतला फरक ओळखायचा असेल तर पांढरा टिश्यू थोडा ओला करून काचेच्या खालच्या कोपऱ्यात फिरवा. राखाडी निघालं तर धूळ आणि प्लास्टिकची वाफ आहे, पिवळं-तपकिरी निघालं आणि नाकाजवळ नेल्यावर ॲशट्रेचा वास आला तर तो सिगारेटचाच थर आहे. जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांनी एक टिश्यू खिशात ठेवावाच, ते पुढे सांगतो.

साफ कसं करायचं यावर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण लोक मेहनत करतात आणि काच अजून खराब करून ठेवतात. ओलं फडकं घेतात, गोल गोल फिरवतात, टार निघत नाही, फक्त पसरतो, आणि रात्री लाइट पडला की गोल गोल रेघा दिसतात. मग वैतागून कोणी रॉकेल लावते, कोणी थिनर लावते, कोणी पेट्रोलचा बोळा फिरवते. कृपा करून हे करू नका. रॉकेल स्वतःच तेलकट थर सोडते, थिनर डॅशबोर्डवर पडला तर प्लास्टिक गेलं, आणि बंद गाडीत पेट्रोलची वाफ म्हणजे जिवाशी खेळ. कोरोनाच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर पण नको, त्यात ग्लिसरीन असते, ते काचेवर चिकट राहते.

काच सगळ्यात शेवटी घ्यायची, पहिले नाही. आधी सीट आणि मॅटचा व्हॅक्यूम, मग छत, मग डॅशबोर्ड आणि दाराचे पॅड, एसीचा फिल्टर बदलायचा (मळलेला फिल्टर धुऊन परत लावू नका, नवीन टाका), आणि हे सगळं झाल्यावर काच. काच आधी पुसली की छत झटकताना सगळं परत तिच्यावर येते, तीच मेहनत दोनदा. छताचं कापड मात्र घासून पाण्याने भिजवू नका, मागचा फोम सुटतो आणि छत लोंबायला लागते, त्याला फक्त हलक्या ओल्या कपड्याने टिपायचं.

गाडी सावलीत पाहिजे आणि काच थंड पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत हे काम उरकावं, कारण तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आतच सुकून जाते आणि डाग सोडते. चारही दारं उघडी ठेवा. हातात ग्लोव्हज घाला, आमच्या पोरांना मी सक्तीने घालायला लावतो, निकोटिन चामडीतून अंगात जाते, तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानेच मळमळ, चक्कर होते.

पहिला हात व्हिनेगरचा. किराणा दुकानात जे पांढरं व्हिनेगर मिळते, चायनीजवाले वापरतात ते, ते अर्धं आणि पाणी अर्धं. निकोटिन अल्कलीच्या जातीचं असते आणि व्हिनेगर ॲसिड, त्यामुळे ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात येऊन कपड्यावर निघते, वास पण कमी होतो. पाणी बोअरचं घेऊ नका, आपल्याकडे बऱ्याच लेआउटमध्ये बोअरचं पाणी एवढं जड आहे की सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात मिळते, ते बेस्ट. आणि एक कडक सूचना, व्हिनेगर ब्लीचच्या किंवा ब्लीच असलेल्या कोणत्याही क्लीनरच्या जवळ नेऊ नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो, गाडीसारख्या बंद जागेत तो फार वाईट.

दुसरा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, दुकानात आयपीए म्हटलं तरी देतात, ते पण अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं. टारचा तेलकट भाग यानेच सुटतो. हे पेट घेते, म्हणून आजूबाजूला कोणी सिगारेट पेटवलेली नको, इंजिन बंद पाहिजे, आणि जास्त ओतायचं पण नाही. फवारा काचेवर मारायचा नाही, कपड्यावर मारायचा. काचेवर मारलेलं सगळं खाली वाहून डॅशबोर्डच्या फटीत जाते, तिथे स्पीकर आहे, वायरिंग आहे, आणि आजकालच्या गाड्यांत आरशाच्या मागे कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर असतो. त्या जागी तर कपड्याच्या टोकाने हलक्या हाताने.

कपडा मायक्रोफायबरचाच, आणि निदान चार तरी पाहिजेत. एक ओला, एक कोरडा, आणि ते मळले की बदलायला दोन. कपड्याची घडी घालून एक बाजू वापरली, पिवळी झाली, की घडी पलटवायची, पलटवायला बाजू उरली नाही की कपडा बाजूला. जी मळलेली बाजू परत काचेवर फिरते तिथेच सगळी गडबड होते. पोरांना मी सांगतो की काच पुसायची नाही, काचेवरचं उचलून कपड्यात घ्यायचं. आणि आतून हात आडवा फिरवायचा, बाहेरून पुसताना उभा, मग रेघ राहिलीच तर ती कोणत्या बाजूला आहे ते आडव्या-उभ्यावरून लगेच कळते. समोरच्या काचेचा खालचा भाग डॅशबोर्डकडे निमुळता होत जातो, तिथे तळहात पोहोचत नाही, हाताची उलटी बाजू कपड्यात गुंडाळून आत घालायची, पॅसेंजर सीटवर बसून ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा घ्यायचा आणि ड्रायव्हर सीटवरून पॅसेंजरचा. हा खालचा भागच लोक सोडून देतात आणि थर तर तिथेच सगळ्यात जाड.

बाजूच्या काचा दोन बोटं खाली करा, म्हणजे रबरात लपलेली वरची कड मोकळी होते, ती आधी पुसा, मग काच वर करून खालचा भाग. मागच्या काचेवर ज्या बारीक लाल-तपकिरी रेषा असतात त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारा आहेत, तारा जशा जातात त्याच दिशेने हात फिरवा, ब्लेड किंवा घासणी तर लावायचीच नाही, एक तार तुटली की तेवढी पट्टी कायमची गेली. सनफिल्म लावलेली असेल तर अमोनियावाला ग्लास क्लीनर चालत नाही, फिल्म धूसर होते, कडेने सुटायला लागते, बाटलीवर वाचून घ्या. आयपीए आणि व्हिनेगर पण फिल्मवर पहिले एका कोपऱ्यात लावून पाहा, सगळ्या फिल्म सारख्या नसतात.

जुना थर एका हातात निघत नाही. पाच-सहा वर्षं रोज ओढलेल्या गाडीला दोन्ही हात दोनदा, कधी तीनदा द्यावे लागतात. कपडा पांढराच्या पांढरा निघायला लागला की समजायचं झालं. मग शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एक हात आणि कोरड्या कपड्याने पॉलिश. आपल्याकडे पेपरने काच पुसायची जुनी पद्धत आहे, शेवटच्या कोरड्या पॉलिशला ती चालते, पण टार उचलायला पेपर कामाचा नाही, आणि शाई दाराच्या फिक्या पॅडला लागते. अंधार पडल्यावर बाहेरून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून आत बसलेल्या माणसाने पाहावं, राहिलेली प्रत्येक रेघ दिसते. वापरलेले कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, विशेषतः लहान बाळाच्या कपड्यांसोबत, वेगळे धुवा आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, नाही तर पुढच्या वेळी तोच चिकटपणा काचेवर येतो. आणि एवढं सगळं झाल्यावर डॅशबोर्डवर ते चमकवायचं सिलिकॉन पॉलिश फासू नका हो. लोकांना चमक आवडते, पण ते पॉलिश गर्मीत उडून सरळ समोरच्या काचेवरच जाते.

पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत याचा अजून एक त्रास. मळलेल्या काचेवर आतून वाफ पटकन धरते आणि लवकर सुटत नाही, माणूस गाडी चालवता चालवता हाताने पुसतो, हाताचं तेल त्यात मिसळते. स्वच्छ काचेला हा त्रास पुष्कळ कमी. तरुण पोरांच्या गाड्यांमध्ये आता व्हेपचा पण थर दिसून राहिला आहे, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे तरी. तो पिवळा नसतो, बिनरंगी आणि तेलकट असतो, साफ करायची पद्धत हीच.

इथपर्यंत झाली दिसण्याची गोष्ट. पण मला झोप लागत नाही ती दुसऱ्या गोष्टीने. लहान पोरं मागच्या काचेला हात लावतात, वाफ धरली की बोटाने चित्रं काढतात, नाक चिकटवून बाहेर पाहतात, आणि तेच बोट तोंडात. त्या काचेवर काय आहे? २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस ॲसिडसोबत मिळून नायट्रोसामाइन बनवते, आणि या नायट्रोसामाइनमधले काही कॅन्सर करणारे म्हणून ओळखले जातात. हे नायट्रस ॲसिड गॅसच्या शेगडीतून येते तसं गाड्यांच्या इंजिनमधून पण येते. त्यांनी एका भरपूर सिगारेट ओढणाऱ्याच्या ट्रकच्या आतल्या पृष्ठभागांवर तपासलं, तिथे ते सापडलं. डॉक्टर लोक याला थर्डहँड स्मोक म्हणतात, म्हणजे सिगारेट विझली, धूर गेला, तरी मागे जे उरते ते. मी डॉक्टर नाही. पण टिश्यूवर निघालेलं ते तपकिरी पाणी मी पाहतो आणि मागच्या सीटवर बसवलेली बेबी सीट पण पाहतो, आणि त्या घरच्या वहिनींना काहीच माहीत नसते.

आपल्या नागपुरात तंबाखू म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर खर्रा येतो, आणि बरोबरच आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के मोठे लोक बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले आणि धूर ओढणारे ३.८ टक्के. खर्ऱ्याची पिचकारी भिंतीवर दिसते म्हणून तिच्यावर बोललं जाते, दंड होतो, फोटो छापून येतात. धुराचा थर दिसत नाही म्हणून त्याच्यावर कोणी बोलत नाही. पण धूर ओढणारा एक आणि गाडीत बसणारे पाच असतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती जुन्या गाड्या विकणाऱ्यांची. सगळे तसे नाहीत, काही डीलर प्रामाणिकपणे सांगतात आणि आमच्याकडे गाडी पाठवून नीट साफ करून घेतात. पण असे पण आहेत जे बाहेरून पॉलिश मारतात, आत नवीन सीट कव्हर चढवतात, तीव्र वासाचा परफ्यूम मारतात आणि काचेवर एक ओला हात फिरवून गाडी उभी करतात. एका शाळेतल्या मॅडमनी अशीच गाडी थंडीच्या दिवसात घेतली, तेव्हा परफ्यूमशिवाय काही कळलं नाही, एप्रिल लागला आणि गाडीत बसवेना. तान्हं बाळ मागे. डीलरला विचारायला गेल्या तर म्हणे हा नवीन कव्हरचा वास आहे, उन्हात जाईल. आमच्याकडे आल्यावर समोरच्या काचेवर पहिला हात मारला तेव्हा कपडा असा निघाला की मॅडमना रडूच आलं. सफाईचा खर्च त्यांनी केला, एसीची कॉइल साफ करायचा वेगळा केला, छताचं कापड शेवटी बदलावंच लागलं. इंजिन किती किलोमीटर चाललं हे सांगायला डीलर तयार असतो, मग गाडीत सिगारेट ओढली जात होती की नाही हे सांगायला काय हरकत आहे? घेणाऱ्यानेही तोंड उघडून विचारलं पाहिजे, आणि गाडी पाहायला जायचं ते दुपारच्या उन्हात उभी असलेली, काचा बंद ठेवून, अर्ध्या तासाने दार उघडायचं आणि पहिला श्वास घ्यायचा. परफ्यूम कितीही मारलेला असो, त्या गर्मीत खरं ते बाहेर येते. आणि तो टिश्यू, वर सांगितलेला, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आणि ड्रायव्हरच्या काचेच्या वरच्या कडेला फिरवायचा. विकणारा वाईट तोंड करेल, करू द्या.

टॅक्सीचं वेगळं. २००३ चा तंबाखूचा कायदा आहे, त्यात सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे आणि सार्वजनिक वाहन त्या सार्वजनिक जागेतच येते, २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले, २०० रुपयांपर्यंत दंड आहे. तरी एअरपोर्टला किंवा स्टेशनला भाडं सोडून परतताना ड्रायव्हर दादा काच बंद करून एसीत एक ओढून घेतात, पुढचं भाडं बसेपर्यंत धूर गेलेला असतो असं त्यांना वाटते. त्यांची ड्युटी मोठी असते, दिवसभर गाडीतच जातो, ते मी समजू शकतो. पण त्या काचेआड रात्रीबेरात्री मेडिकलला, एम्सला पेशंट घेऊन जाणारे पण बसतात. दादा, गाडीतून उतरा, पाच मिनिटं बाहेर उभे राहा, तुमची पण हवा मोकळी आणि गाडीची पण.

खाजगी गाडीला आपल्याकडे असा कायदा नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं मूल बसलेलं असताना खाजगी गाडीतसुद्धा ओढता येत नाही. आपल्याकडे काचेच्या बाबतीत नियम माहीत आहेत ते काळ्या फिल्मचे, समोरची आणि मागची काच निदान ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के उजेड आत येऊ देणाऱ्या पाहिजेत, त्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल आला आणि तेव्हा चौकाचौकात पोलिसांनी फिल्म फाडल्या होत्या. काचेतून नीट दिसलं पाहिजे हे आपण एकदा मान्य केलं आहे. मग टॅक्सी, स्कूल व्हॅन, ॲम्ब्युलन्स यांची गाडी फिटनेसच्या तपासणीला जाते तेव्हा टायर, ब्रेक, लाइट पाहतातच, तिथेच समोरच्या काचेवर आतून एक पांढरा टिश्यू फिरवून पाहावा अशी माझी मागणी आहे. त्याला मशीन लागत नाही, खर्च लागत नाही. स्कूल व्हॅनपासून सुरुवात केली तर फार चांगलं.

आणि घरच्या गाडीसाठी सांगतो, माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो म्हणा, हे काम करायला आमच्यासारख्यांकडे यायलाच पाहिजे असं नाही. थर हलका असेल तर व्हिनेगर, डिस्टिल्ड पाण्याची बाटली, थोडं आयपीए आणि चार कपडे एवढ्यात रविवारच्या सकाळी घरीच होते. जाड असेल, छत आणि एसी दोन्ही धरलेलं असेल, तर मात्र जाणकाराकडे द्या आणि त्याला आधीच स्पष्ट सांगा की परफ्यूम मारायचा नाही, एसीचा फिल्टर माझ्यासमोर बदलायचा, आणि काच झाल्यावर अंधारात टॉर्चने दाखवायची. दसरा-दिवाळीला जुन्या गाड्यांची खरेदी जोरात असते, तेव्हा हे पत्र त्याच्या आधी छापता आलं तर बऱ्याच घरांना उपयोग होईल.

आपला,
एक वॉशिंग सेंटरवाला
मनीष नगर, नागपूर